डाळिंबाची साल

आमच्या घराच्या मागच्या अंगाला डाळिंबाची दोन झाडं होती. कुणी लावली ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आज्जा म्हणायचा, त्याच्या लहानपणीही ती एवढीच होती. फळं लिंबापेक्षा थोडी मोठी, दाणा पांढुरका, चव तुरट. आम्ही पोरं सोडली तर ती कुणी खायचं नाही. पण सालीला मोठा मान. आज्जी एकूण एक साल गोळा करायची, माळवदावर वाळवायची आणि मडक्यात भरून ठेवायची. घरात कुणाचं पोट बिघडलं की ती साल उगाळून द्यायची. वाघरीतल्या कोकराला हगवण लागली की तीच साल कुटून ताकातनं पाजायची. माणसाला आणि मेंढराला औषध एकाच मडक्यातलं.

त्या सालीनं २००९ साली माझी अकरा बकरं मारली.

त्या सालीनं म्हणालो, पण ते तितकंसं खरं नाही. ती साल वेगळी होती. ती कशी वेगळी झाली, हे सांगायचं तर मला आज्ज्यापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव सांगोला तालुक्यात, माण नदीपासून कोसभर आत. माण नदी म्हणजे वर्षातले नऊ महिने वाळूच. पाऊस बेभरवशाचा, जमीन मुरमाड, त्यामुळं इथं शेती करणाऱ्यानंही चार मेंढरं ठेवलीच पाहिजेत, असा रिवाज. आमची सत्तर-ऐंशी होती. दख्खनी जातीची, काळी, मधे एखादं पांढऱ्या कपाळाचं. पाऊसकाळ संपला की आज्जा वाडा घेऊन भीमेकाठी, नाहीतर माळशिरसकडं नीरेच्या उजव्या कालव्यावर जायचा. तिथं शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या मोबदल्यात ज्वारी घ्यायची आणि मृगाच्या आधी परत यायचं. त्याच्या धोतराच्या सोग्याला नेहमी एक गाठ असे. तिच्यात खडेमीठ. मेंढरू कळपातनं बाजूला पडलं, रवंथ करीना झालं, माती चाटायला लागलं, की ती गाठ सुटायची.

या मिठाची एक गोष्ट तो नेहमी सांगायचा. त्याच्या बापाच्या काळी मीठ महाग होतं, कारण त्यावर इंग्रजाचा कर होता. माणसाच्या भाकरीला मीठ पुरेना, तिथं मेंढराला कुठलं? मग ही माणसं कळप घेऊन चोपण जमिनीवर जायची. जिथं पांढरा खार फुटलेला असतो, काही उगवत नाही, अशा जागा त्यांना पाठ होत्या. आठवड्यातनं एकदा मेंढरं तिथं सोडायची, ती जमीन चाटायची. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा आज्जा वीस वर्षांचा होता. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि त्या गडबडीत सोलापूरला विकायला नेलेली त्याची चार बकरं तशीच परत आणावी लागली. सत्याग्रहाबद्दल त्याला आठवत होतं ते एवढंच. पुढं १९४७ साली कर गेला. आज्जा म्हणायचा, "सोराज आलं ते मला मिठातनं कळलं. बापानं पहिल्यांदा मेंढराच्या फुड्यात मूठभर मीठ टाकलं."

आजचे पशुवैद्यक सांगतात की शंभर किलो खुराकात एक किलो मीठ आणि एक-दोन किलो खनिज मिश्रण घाला. वाढत्या कोकराला ते लागतंच. आज्ज्याला टक्केवारी ठाऊक नव्हती, पण चोपणाची जागा ठाऊक होती. मात्र एक खरं, चोपण चाटून त्या मेंढरांना जे मिळायचं त्यात फक्त मीठ होतं की आणखी काही नको तेही होतं, हे कुणी तपासलेलं नाही. जुन्या माणसांचं सगळंच बरोबर होतं असं म्हणायला मी हा लेख लिहीत नाही.

मिठाखालोखाल बाभळ. आमच्याकडं माणसाच्या नांगराला, गाडीला, चुलीला आणि मेंढराच्या पोटाला एकच झाड. चैत्र-वैशाखात रानात काही उरत नाही, नेमकं तेव्हाच बाभळीच्या शेंगा पिकतात. आज्जा आकडीनं फांदी हलवायचा, खाली शेंगांचा सडा पडायचा, आणि कोकरं आईला सोडून धावायची. मण्यांच्या माळेसारख्या त्या शेंगा खाल्ल्या की रात्री वाघरीत नुसता कडकड आवाज. बी बहुतेक पचत नाही, लेंडीतनं बाहेर पडतं आणि तेच बी लवकर उगवतं. आमच्या बांधावरची निम्मी बाभळ मेंढरांनीच लावलेली आहे.

पण त्यालाही माप होतं. कोकराला ओंजळभर, त्याच्यावर नाही, आणि पाणी पाजल्यानंतरच. मी एकदा पोरवयात हौसेनं पाटीभर शेंगा टाकल्या, तर आज्ज्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला. "मरतंय का आता ते? पोट बांधून बसंल." ते पोट बांधणं म्हणजे काय, हे मला पुढं फार उशिरा कळलं. बाभळीच्या शेंगेत प्रथिनं चांगली असतात, आणि जोडीला टॅनिन, म्हणजे तुरटपणा. हे टॅनिन कोकराच्या पहिल्या मोठ्या पोटात प्रथिनाला धरून ठेवतं, तिथल्या जिवाणूंना ते सगळं फस्त करू देत नाही. पुढच्या आंबट पोटात गेलं की सोडतं. त्यामुळं प्रथिन जनावराच्या अंगी लागतं. पोटातल्या जंतांनाही ते मानवत नाही. पण प्रमाण ओलांडलं की तेच टॅनिन चाऱ्याला पचू देत नाही, भूक मारतं. डाळिंबाच्या सालीतही मुख्य ऐवज हाच. आज्जीचं मडकं आणि आज्ज्याची आकडी, दोघांचं औषध एकच होतं म्हणायचं.

जंतासाठी आणखीही होतं. सांगोल्याच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात वावडिंग, पळसपापडी, कडूजिरं मिळायचं. पावसाळ्याच्या तोंडावर आज्जी ते गुळात कुटून गोळ्या करायची. ओवा आणि हळद तर रोजचीच. ओव्यात थायमॉल असतं, हे मी शाळेत नाही, पुढं एका शेतकरी मेळाव्यात ऐकलं. युरोपात थाईम नावाची जी वनस्पती आहे तिच्यातलाही मुख्य अर्क हाच आणि त्यावर परदेशातल्या प्रयोगशाळांत मेंढरांसाठी अभ्यास चालू आहेत, असंही त्या वक्त्यानं सांगितलं. माझ्या शेजारी बसलेला म्हातारा पुटपुटला, "आमच्या म्हातारीला इचारलं असतं तरी सांगिटलं असतं." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मला हसायला जमत होतं.

आज्ज्याच्या तोंडी एक कायमचं गाऱ्हाणं असे, की रान आखडलं. त्याच्या आज्ज्याच्या काळी डोंगर मोकळे होते, मग फॉरेस्ट आलं, आणि मेंढका चोर झाला. १८७८ च्या वन कायद्यानं हे सुरू झालं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात शेरडामेंढरांवर जगणाऱ्यांचं रान जंगल खात्यानं कसं बंद केलं, हे दुखणं मांडलेलं आहे. मी ते कॉलेजात वाचलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आज्जाच बोलतोय. रान आखडलं म्हणजे फक्त चारा कमी झाला असं नाही. बोराटी, हिवर, कडुनिंब, पळस, तरवड, असा पंचवीस जातींचा पाला जे मेंढरू दिवसभरात तोंडानं निवडून खात होतं, ते बांधावरच्या एका-दोन जातींवर आलं. निवड मेंढराच्या तोंडातनं गेली आणि माणसाच्या हातात आली. आता मूठ मोजून द्यायची वेळ माणसावर.

१९७२ चा दुष्काळ मला आठवतो, मी आठ वर्षांचा होतो. आई-आबा खडी फोडायला, आम्हाला सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी. बैल छावणीला लावले. मेंढरांना आमच्या भागातल्या छावणीत कुणी घेतलं नाही. मेंढरू कुठंही जगतं, असा समज. सत्तरातली एकोणीस उरली. जी उरली ती बाभळीवर आणि हिवरावर. त्यातच एक दिवस पाऊस शिंतडला, कुणाच्या तरी रानात ज्वारीचं धसकट फुटलं, हिरवे पोंगे दिसले म्हणून आमच्या चुलत्यानं सहा मेंढरं तिकडं सोडली. तासाभरात चार आडवी. किरळ लागली. कोवळ्या, ताण पडलेल्या ज्वारीत विष असतं. सोलापूर म्हणजे मालदांडीचा मुलूख, मोहोळच्या केंद्रातनं निवडलेलं हे वाण घराघरात. ज्वारीवर आम्ही जगतो आणि तिच्याच पोंग्यांनी आमची मेंढरं मेली. नैसर्गिक या शब्दावर मी पुढं जो भरवसा ठेवला, तो ठेवताना हा दिवस मला आठवायला हवा होता.

मग सुबाभूळ आली. ऐंशीच्या सुमारास जो उठे तो सुबाभळीचं बी वाटी. उरळी कांचनला मणिभाई देसाईंनी काढलेल्या बायफ संस्थेनं ती महाराष्ट्रभर नेली. झपाट्यानं वाढते, पाल्यात प्रथिनं भरपूर, दुष्काळातही हिरवी. आबांनी बांधभर लावली. शेरडं खुश. पण कोकरांना निव्वळ तिच्यावरच ठेवल्यावर दोन-तीन महिन्यांत त्यांची लोकर हातात यायला लागली. आज्जा तेव्हा होता, थकलेला. तो म्हणाला, "ह्ये झाड न्हाय, न्हावी हाय." सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यानं लोकर झडते. ऑस्ट्रेलियात याच कारणानं जनावरं खंगत होती. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या एका शास्त्रज्ञानं त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू आणून आपल्याकडच्या जनावरांना दिले, आणि त्रास थांबला. हे काम झालं तेही ऐंशीच्याच दशकात. म्हणजे आमची कोकरं बोडकी होत होती तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला तिचाच उलगडा होत होता. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आबांनी सुबाभूळ एक हिस्सा, बाकी कडबा नि इतर पाला असं केलं आणि प्रश्न मिटला.

आज्जा १९८५ साली गेला. त्यानंतर वाडा घेऊन जाणं थांबलं. मी शिकलो, गावातच राहिलो. १९९० साली रोजगार हमीतनं फळबाग लागवडीची योजना आली आणि सांगोला तालुक्याचं रूपच पालटलं. मुरमाड माळावर डाळिंब! जी जमीन कुणी फुकट घेत नव्हतं तिच्यात लाखाचं उत्पन्न. आधी गणेश, मग भगवा. गणेश हे वाण पुण्याच्या गणेशखिंडीत १९३६ साली निवडलेलं, पण त्याचं नशीब उघडलं आमच्या माळावर. आम्हीही १९९४ साली दोन एकर लावली. घरामागची ती दोन तुरट झाडं लोकांच्या चेष्टेचा विषय झाली. आबांनी ती तोडू दिली नाहीत, एवढंच.

मग तेल्या आला. फळावर तेलकट डाग पडतो, मग फळ उलतं. २००५ साली सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तेल्यानं आमच्याकडं बागाच्या बागा उपटायला लावल्या. लोक घाबरून फवारत होते. सगळ्यात जास्त फवारायचा तो बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. शिवाय तांब्याचीच दुसरी औषधं, आणि स्ट्रेप्टोसायक्लिन. माणसाच्या क्षयावर चालतं त्या जातीचं प्रतिजैविक आम्ही डाळिंबावर मारत होतो. पानं निळसर पांढरी दिसायची. छाटणी झाली की त्या पानांचे ढीग बांधावर.

त्याच काळात मी बागेच्या तोट्यावर उपाय म्हणून बकरं पाळायचं ठरवलं. ईदसाठी. माडग्याळी जातीची रक्त असलेली कोकरं घेतली, लांब नाकाची, उंच, दिसायला देखणी. आटपाडीच्या बाजारात या जातीच्या बकऱ्याला काय बोली लागते हे आमच्या भागात कुणाला सांगायला नको. गेल्या कार्तिकातली सव्वीस कोकरं, आणि २००९ ची बकरी ईद होती २८ नोव्हेंबरला. म्हणजे वर्षाची होऊन विकायला तयार. पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं आणि धाकट्या बहिणीचं लग्न माघात धरलं होतं.

वजन वाढवायला बाजारात पुड्या मिळत होत्या. कुणाच्या पुडीवर घटकच लिहिलेले नसायचे. मला त्या नको होत्या, कारण मी वाचलेलं होतं. १९५० च्या आसपास अमेरिकेत कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविकाच्या कारखान्यातला उरलेला चोथा घातला तर कोंबड्या भराभर वाढल्या, आणि तिथनं जगभर जनावरांना वाढीसाठी प्रतिजैविकं चारायची पद्धत पडली. मग जंतू त्या औषधांना दाद देईनात. स्वीडननं १९८६ मध्ये हे बंद केलं, १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघानं. आपल्याकडं कोलिस्टिन या एका औषधावर बंदी यायला २०१९ उजाडलं. युरोपात बंदी आल्यावर तिकडचे शास्त्रज्ञ टॅनिन, ओव्यासारखे अर्क, असल्या झाडपाल्याकडं वळले. त्यात डाळिंबाच्या सालीचंही नाव होतं. ते वाचून माझी छाती फुगली. आज्जीचं मडकं!

मी तेल्यानं बाद झालेली फळं गोळा केली. साल काढून माळवदावर वाळवली. छाटणीची पानं वाळवली. दोन्ही कांडपावर दळून आणलं. पोती भरली. मक्याचा भरडा, शेंगपेंड, तुरीचं भुसकट, आणि त्यात प्रत्येक बकऱ्याला सकाळ-संध्याकाळ एक मूठ पावडर. दुधाच्या डेअरीतनं गाईंसाठी मिळणारं खनिज मिश्रणही घातलं, मेंढरांचं वेगळं असतं हे डोक्यात आलंच नाही. श्रावणात सुरू केलं. आबांनी एकदा पावडर हातावर घेतली, वास घेतला. म्हणाले, "हिचा वास आज्जीच्या सालीवानी येत न्हाय." मी म्हणालो, "आबा, जात वेगळी आहे." ते गप्प बसले.

हगवण गेली. बकरं चकाकायला लागली. भादव्यात बघायला आलेला व्यापारी तोंडात बोट घालून उभा राहिला. मी ज्याला-त्याला पावडरीचं सांगत होतो. दोघा-तिघांना पोतीही दिली. नशीब की त्यांच्याकडं शेरडं होती.

दिवाळीच्या अमावस्येला हुलजंतीला महालिंगरायाची जत्रा भरते, आबा दरवर्षी जायचे. तिथं लोकरीसकट भंडारा उधळतात, मेंढराचं देणं देवाला. ते गेले आणि त्याच रात्री एक बकरं खाली बसलं. खाईना. सकाळी डोळे पिवळे, लघवी चहाच्या काळ्या पाण्यासारखी. दुपारी मेलं. मला वाटलं, साप. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तिसऱ्या दिवशी आबा कपाळाला भंडारा लावून परत आले तेव्हा पाच पडली होती. त्यांनी काही विचारलं नाही. धोतराचा काचा मारला आणि खड्डा खणायला घेतला.

लागण झाली म्हणून मी उरलेल्या बकऱ्यांना जास्तच पावडर चारली. हे लिहिताना आजही हात थांबतो.

डॉक्टर आले ते चौथ्या दिवशी. तरुण होते. त्यांनी मेलेलं बकरं फाडलं. काळीज पिवळं, आणि मूत्रपिंडं काळीनिळी, बंदुकीच्या नळीच्या रंगाची. ते बघून ते उठले आणि हात न धुताच म्हणाले, "काय चारताय तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं असावं, कारण ते माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "साहेब, पावडरीनं कसं होईल? ही तीन शेरडं पण तेच खातात, त्यांना काही नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "शेळी तांबं बरंच सोसते. मेंढी सोसत नाही."

मग गव्हाणीच्या कडेवर बसून त्यांनी समजावलं. मेंढीच्या काळजाला तांबं नीट बाहेर टाकता येत नाही, ते साठवत जातं. आठवडे, महिने, वरून काहीच दिसत नाही, जनावर उलट टवटवीत. मग एखादा दिवस ताणाचा येतो, ऊन, प्रवास, खुराकात बदल, आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटतात. लघवीतनं तेच बाहेर पडतं. बोर्डो मारलेली पानं, बोर्डो मारलेली साल, वर गाईंचं खनिज मिश्रण, त्यातही तांबं. तिन्हीकडनं मी तेच भरत होतो.

आबा खांबाला टेकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "साहेब, म्होरं सरकारी डाक्टर जंताला मोरचुदाचं पाणी पाजायचं. माझ्या बापाच्या मेंढरास्नी पाजल्यालं मी बघिटलंय. तवा कशी मेली न्हाईत?"

"बाबा, ते वर्षातनं एक-दोनदा, मापानं," डॉक्टर म्हणाले. "हे रोज दोन मुठी."

त्यांनी अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट लिहून दिलं. मॉलिब्डेनम आणि गंधक पोटातच तांब्याला धरतं, पुढं जाऊ देत नाही. हे काही जनावरांच्या दुकानात मिळत नाही. सोलापुरात शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात ते मिळालं. दुकानदार विचारत होता, कुठल्या कॉलेजातनं आलात? मी सांगितलं, मेंढरं मरतायत. त्यानं वजनकाट्यावर बोटानं दोन चिमट्या जास्त टाकल्या आणि पैसे धरले नाहीत त्याचे.

रोज पाजलं. आणखी सहा गेली, पंधरा राहिली. ईदला ती विकली, पण आधी डॉक्टरांना विचारून आणि रोडावलेली तीन मागं ठेवून. व्यापाऱ्यालाही सगळं सांगितलं. त्यानं भाव पाडला. कर्जाचे हप्ते थकले. बहिणीचं लग्न माघातनं वैशाखात गेलं, आणि त्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. बहिणीनं मला कधी बोलून दाखवलं नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा जेवताना, गमतीत, दाखवलं.

आबा मात्र त्या दिवसापासून जवळजवळ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटत होतं, बकरं मेल्याचा राग. एक दिवस घरामागं बसले होते, त्या दोन झाडांपाशी. म्हणाले, "मला वास आला हुता. म्या बोलाय पायजे हुतं." एवढंच. ते रागावले होते ते स्वतःवर, हे कळायला मला महिना लागला.

पुढं मी पुन्हा बकरं पाळली, थोडी. महूदला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं जाऊन प्रशिक्षणाचे दिवस काढले. मेंढ्यांसाठीचं वेगळं खनिज मिश्रण असतं, तांबं कमी असलेलं, तेच वापरतो. करडईची पेंड थोडी, मक्याचा भरडा मोजून, कारण भरडा एकदम वाढवला तर आंत्रविषारानं सगळ्यात गुटगुटीत कोकरूच आधी जातं. त्याची लस पावसाळ्याआधी टोचतो. बाभळीच्या शेंगा वैशाखात, ओंजळभरच. ओवा-हळद आठवड्यातनं एकदा, त्यानं काय फरक पडतो ते मी मोजलेलं नाही, पण आज्जी करायची म्हणून करतो. आणि साल फक्त घरामागच्या दोन झाडांची. तिच्यावर आजवर कुणी काही मारलेलं नाही. वर्षाला मडकंभर निघते. हगवण लागलेल्या कोकरापुरती ती पुरते, वजन वाढवायला नाही.

आबा २०१६ साली गेले.

अजूनही दिवाळीनंतर मेंढक्यांचे वाडे आमच्या भागातनं जातात. फळ उतरलेल्या बागांत, छाटणीच्या ढिगांवर, बागाईतदार त्यांना बोलवतात, तण खाऊन जाईल, लेंडी पडेल म्हणून. मागच्या साली शेजारच्या बागेत वाडा उतरला. शंभरभर मेंढरं, तीसेक शेरडं. मी चालत गेलो. मेंढका माझ्याच वयाचा, कर्नाटकाच्या सीमेकडचा. त्याला म्हणालो, "पाव्हणं, ह्या ढिगावर मेंढरं घालू नका. पानावर मोरचूद हाय."

तो म्हणाला, "शेरडं?"

"शेरडं घाला एखादा दीस. मेंढरं माझ्या बांधावर आणा. तिथं बाभळ हाय."

त्यानं शीळ घातली आणि कळप वळवला.